केलं म्हणजे आलं का?

उत्साही : सर, प्रस्ताव साधा आहे. बी.ए. द्वितीय वर्षाच्या इतिहासाच्या एका पेपरचे अंतर्गत गुण मी उत्तर किती चांगलं आहे यावर देणार नाही, काम झालं की नाही यावर देईन. सत्र सुरू होतानाच दहा कामांची यादी मुलांच्या हातात असेल. १९७२ च्या दुष्काळात गावात कोणतं काम निघालं, मजुरी काय मिळायची, सुकडी कुठे वाटायचे, हे घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहा. निम्न दुधना प्रकल्पात जमीन गेलेल्या एका कुटुंबाला भेटा. घरातला जुन्यात जुना कागद शोधा आणि त्यावरून काय कळतं ते सांगा. प्रत्येक कामाच्या अटी आधीच लिहिलेल्या असतील. अटी पाळल्या की पूर्ण गुण. नाही पाळल्या तर शून्य, पण दुरुस्त करून पुन्हा देता येईल. दर्जाबद्दल मी बोलेन, पण शब्दांत, आकड्यांत नाही. सत्राच्या शेवटी प्रत्येकानं दोन पानं स्वतःबद्दल लिहायची : काय जमलं, काय जमलं नाही, कुठे टाळाटाळ केली. आणि स्वतःला कोणती श्रेणी द्यावी ते कारणांसह सांगायचं. कारण असं की आपली मुलं लिहीत नाहीत, उतरवतात. गाईडमधलं वाक्य सुरक्षित असतं, स्वतःचं वाक्य चुकू शकतं. चुकण्याचे मार्क कापायचं थांबवलं तर निदान थोडी मुलं स्वतःचं वाक्य लिहायचं धाडस करतील.

साशंक : तुम्ही नवीन म्हणून सांगताय, पण हे दुकान आपल्याकडे फार जुनं आहे. विज्ञान शाखेचं जर्नल घ्या. प्रयोग केला की नाही ते देव जाणे, पण जर्नल ‘पूर्ण’ आणि ‘सर्टिफाइड’ पाहिजे, तरच प्रात्यक्षिकाला बसता येतं. मागच्या वर्षीच्या जर्नलवरून या वर्षीचं तयार होतं, अगदी निरीक्षणाच्या आकड्यांसकट. हजेरी भरली की टर्म ग्रँट. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचं शिबिर, की प्रमाणपत्र हातात. पर्यावरण अभ्यासाचा विषय सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे सक्तीचा झाला. हेतू किती मोठा! त्याचा प्रकल्प आज कुठे तयार होतो? झेरॉक्सच्या दुकानात. मुखपृष्ठावर फक्त नाव आणि रोल नंबर बदलायचा. शाळेत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी शिक्षकांनी लिहायच्या होत्या. लगेच बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली. म्हणजे ‘केलं की मार्क’ या तत्त्वाचा प्रयोग आपण पिढ्यान्‌पिढ्या करतोय आणि त्याचा निकालही आपल्यासमोर आहे : काम होत नाही, काम झाल्याचा कागद होतो. तुम्ही त्याच कागदाला आता स्वमूल्यमापनाची पुरवणी जोडताय.

उत्साही : तुमची यादी मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे : ते काम कुणी वाचत नाही. जर्नलवर सही होते, जर्नल वाचलं जात नाही. प्रकल्पाचा गठ्ठा कपाटात जातो आणि काही वर्षांनी रद्दीत. दोष पूर्ततेला गुण देण्यात नाही, न बघता पूर्तता मान्य करण्यात आहे. उलट जिथे चूक जिवावर बेतते तिथे आपण पूर्ततेवरच भिस्त ठेवतो. नर्सिंगच्या मुलींना ठरावीक संख्येनं बाळंतपणं स्वतः केल्याची नोंद केसबुकात असल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिथे कुणी म्हणत नाही की अमकीनं बाळंतपणावर निबंध फार सुंदर लिहिला, तिला डिस्टिंक्शन द्या. आपल्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची मुलं कृषीदूत म्हणून, मुली कृषीकन्या म्हणून शेवटच्या वर्षी गावात येऊन राहतात. बीजप्रक्रिया करून दाखवतात, माती परीक्षणाचा नमुना कसा घ्यायचा ते सांगतात. त्या कार्यक्रमाचा गाभाही ‘करून दाखवणं’ हाच आहे. मग इतिहासाच्या विद्यार्थ्यानं साक्ष गोळा करून दाखवणं, कागद वाचून दाखवणं, हे कमी प्रतीचं का मानायचं?

साशंक : नर्सिंगचं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं झालं, कारण ते माझ्या बाजूचं आहे. त्या केसबुकात नोंद होते तेव्हा शेजारी एक सिस्टर उभी असते. तिनं शेकडो बाळंतपणं पाहिलेली असतात. मुलीचा हात चुकला तर ती तिथल्या तिथे हात धरते आणि तिला समाधान वाटलं तरच सही करते. ‘पूर्ण’ या शब्दात तिथे दर्जा आधीच मुरलेला आहे. म्हणजे तुम्ही ज्याला पूर्तता म्हणताय ती मुळात कडक पारख आहे, फक्त तिची श्रेणी दोनच पायऱ्यांची आहे. तुमच्या दहा कामांत ती सिस्टर कोण? बहात्तरच्या दुष्काळाबद्दल आजोबांनी खरंच ते सांगितलं, की नातवानं घरी बसून रचलं, हे तुम्हाला कसं कळणार? आणि स्वमूल्यमापनाचं तर विचारूच नका. कॉर्नेल विद्यापीठात डनिंग आणि क्रुगर यांनी १९९९ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला तो तुम्हाला माहीत असेल. चाचणीत सगळ्यात खालच्या चौथाई गटातली मुलं सरासरीनं शंभरात बाराव्या पायरीवर होती आणि स्वतःला बासष्टाव्या पायरीवर समजत होती. ज्याला विषय येत नाही त्याला आपल्याला येत नाही हेही कळत नाही. त्याच्याच हातात तराजू कसा द्यायचा?

उत्साही : तो अभ्यास शेवटपर्यंत वाचला तर त्यात माझंही म्हणणं आहे. त्याच मुलांपैकी काहींना तर्कशास्त्राचं थोडं प्रशिक्षण दिल्यावर त्यांचे स्वतःबद्दलचे अंदाज खाली आले, वास्तवाच्या जवळ आले. म्हणजे स्वतःचं माप घेता येणं हे शिकवता येतं. आणि जे शिकवता येतं ते शिकवायचं कुठे, पदवी मिळाल्यावर? दुसरं, आकड्याचं काय होतं तेही पाहा. रूथ बटलर यांनी १९८८ साली इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना फक्त शेरे दिले, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. ज्यांना फक्त शेरे मिळाले त्यांची गोडीही टिकली आणि पुढचं कामही सुधारलं. ज्यांना गुण आणि शेरे दोन्ही मिळाले ती मुलं फक्त गुण मिळालेल्यांपेक्षा फारशी पुढे गेली नाहीत. आकडा आला की शेरा वाचलाच जात नाही. आपल्याकडे वेगळं काय होतं? पेपर दिला की मुलगा आधी ‘किती पडले’ बघतो, मग शेजाऱ्याला किती पडले ते बघतो, आणि तुम्ही लाल शाईनं लिहिलेली ओळ तशीच राहते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही शाळेच्या प्रगतिपुस्तकात स्वमूल्यमापन आणि सहाध्यायींचं मूल्यमापन असावं असं म्हटलंय. शाळेतल्या मुलावर जेवढा विश्वास टाकायचा म्हणतो, तेवढा वीस वर्षांच्या मुलावर टाकायला आपण का कचरतो?

साशंक : कारण वीस वर्षांच्या मुलाची गुणपत्रिका त्याच्यासाठी नसते, परक्यासाठी असते. सेलूच्या बाजारात कापूस आणला की भारतीय कापूस महामंडळाचा, म्हणजे सीसीआयचा, माणूस ओलावा मोजतो. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर कपात, बाराच्या वर गेला की गाडी परत. शेतकरी प्रामाणिक असेल, पण ‘माझा कापूस कोरडा आहे’ हे त्याचं म्हणणं तिथे माप म्हणून चालत नाही. घेणारा परका आहे, त्याला शेतकऱ्याचं मन वाचता येत नाही, म्हणून मध्ये यंत्र आहे. गुणपत्रिका हे तसलं यंत्र आहे आणि ते ढिलं केलं की काय होतं ते आपल्या राज्यानं पाहिलंय. दहावीला भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेचे शाळेच्या हातातले वीस गुण २०१९ च्या परीक्षेला बंद केले. निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. ओरड झाली, गुण परत दिले, २०२० ला निकाल ९५.३०. मग कोरोनाच्या वर्षी, २०२१ ला, लेखी परीक्षाच झाली नाही. नववीचे आणि दहावीचे शाळेतले गुण धरले आणि निकाल लागला ९९.९५ टक्के! ज्या मापात सगळेच पास होतात त्या मापानं कुणाचंही भलं होत नाही, आणि गरिबाचं तर मुळीच होत नाही.

उत्साही : आकडे खरे आहेत, पण इतके सरळ नाहीत. २०१९ ला दहावीचा अभ्यासक्रमही नवा होता, प्रश्नपत्रिकेचं रूपही बदललं होतं. २०२० ला टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही, त्याचे सरासरी गुण दिले. पण ते बाजूला ठेवू. तुमच्या कापसाबद्दल बोलू. कापसाला आपला ओलावा किती हे कळलं तरी तो वाळत नाही. विद्यार्थ्याला आपण कुठे कमी पडलो हे नीट कळलं तर तो बदलतो. मापल्यानं जी वस्तू बदलते तिला कापसाच्या यंत्रानं कसं मोजणार? आणि दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. तुम्ही म्हणता तो परका आपल्या गुणपत्रिकेकडे बघतोय तरी का? पोलीस भरतीत मैदानी परीक्षा आणि लेखी परीक्षा त्यांची स्वतःची. राज्यसेवेला पदवी लागते, टक्केवारी विचारत नाहीत. बारावीनंतर अभियांत्रिकीला सीईटी, वैद्यकीयला नीट. ज्याला ज्याला निवड करायची आहे त्यानं आपापलं यंत्र आणून बसवलंय, कारण आपल्या यंत्रावरचा विश्वास त्यानं कधीच सोडला. आपण मात्र परका बघतोय या समजुतीनं मुलांना आकड्याला जुंपून ठेवलंय. जर गुणपत्रिका परक्याशी बोलत नसेल, तर निदान तिनं मुलाशी तरी बोलावं.

साशंक : हा तुमचा सगळ्यात जोरदार मुद्दा आहे, आणि सगळ्यात धोक्याचाही. परक्यानं बघणं पूर्ण सोडलेलं नाही. एम.ए.चा प्रवेश बी.ए.च्या गुणांवर लागतो. पुढे नेट द्यायची तर एम.ए.ला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ५०. तिथे आकडा आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. श्रेणीशिवाय शिकवणं ज्यांना परवडतं ते कोण आहेत ते बघा. अमेरिकेत एमआयटीमध्ये पहिल्या सत्रात नापास झाल्याची नोंदही बाहेर जात नाही, फक्त पास दिसतं. तिथे हे खपतं, कारण संस्थेचं नावच हमी देतं. देवगाव फाट्यावर एसटी बदलून सेलूला किंवा जिंतूरला कॉलेजला जाणाऱ्या मुलाच्या कॉलेजचं नाव पुण्यात कुणाला माहीत आहे? त्याच्याकडे वशिला नाही, घरात इंग्रजी नाही, ओळखीचा कुणी नाही. त्याच्याकडे परक्याला दाखवण्यासारखा एकच आकडा असतो. तो आकडा कितीही फुटका असला तरी तो त्याच्या बापाच्या नावावर अवलंबून नसतो. परीक्षा पद्धतीवर आपण कितीही टीका करू, पण बंद पाकिटातली, नाव झाकलेली उत्तरपत्रिका हा या देशात दुबळ्याला मिळालेला फार मोठा आधार आहे. तुमच्या पद्धतीत मुलगा तुमच्यासमोर बसणार, त्याचं आडनाव तुम्हाला माहीत असणार, आणि श्रेणी चर्चेतून ठरणार.

उत्साही : आडनावाचा धोका मी नाकारत नाही. पण बंद पाकीटही तितकं आंधळं नसतं. अक्षर कसं आहे, भाषा प्रमाण आहे की गावाकडची, ‘आन्‌’ लिहिलंय की ‘आणि’, हे परीक्षकाला दिसतंच, आणि त्यातून कोण कुठला हे कळतंही. पूर्ततेच्या पद्धतीत निदान एवढं होतं की भाषा खडबडीत आहे म्हणून मार्क जात नाहीत. साक्ष आणली का, नीट विचारली का, कागद जोडला का, एवढंच बघायचं असतं. आणि परक्याचा विश्वास आधी मिळवून मग शिकवायचं असं ठरवलं असतं तर आपल्याकडे काही उभंच राहिलं नसतं. ज्यांच्या नावानं आपलं नांदेडचं विद्यापीठ आहे ते स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक होते. पुण्याचं टिळक महाराष्ट्र विद्यापीठ १९२१ साली असहकाराच्या काळात निघालं ते इंग्रज सरकारच्या मान्यतेबाहेर. अभिमत दर्जा मिळायला १९८७ उजाडलं. तिथे शिकणाऱ्यांना माहीत होतं की आपल्या कागदाला सरकारी कचेरीत किंमत नाही. तरी शिकले. काही शिक्षण असं असतं की त्याची किंमत आधी आत ठरते, बाहेर नंतर कळते.

साशंक : त्या शाळांमागे चळवळ होती. मुलाला कागदाची किंमत मिळाली नाही तरी कामाची मिळत होती, कारण स्वातंत्र्याचं काम समोर दिसत होतं. आज त्याच्यासमोर भरतीची जाहिरात आहे. तुलना करताना तेवढं ध्यानात ठेवा. आता मला तुमच्या ‘पूर्तते’च्या न्यायाबद्दल विचारायचंय. तुम्ही म्हणता भाषा खडबडीत असली तरी चालेल. पण वेळ? कापूस वेचणीचे दिवस येतात तेव्हा वर्ग अर्धा रिकामा होतो. वेचणी किलोवर असते; एक दिवस घरी बसलं की तेवढी मजुरी गेली. मुलीला त्यावर स्वयंपाक, धुणं आणि धाकटी भावंडं. दहा कामं पूर्ण करायला लागतो तो वेळ, आणि वेळ सगळ्यांकडे सारखा नसतो. एखादा हुशार मुलगा वेचणी करून, रात्री चार तास वाचून परीक्षेत चांगले मार्क काढू शकतो. परीक्षा त्याला विचारत नाही की तू दिवसभर कुठे होतास. तुमची पद्धत विचारते. तुम्ही बुद्धीच्या जागी मेहनत मोजताय असं तुम्हाला वाटतं, पण प्रत्यक्षात तुम्ही मोकळे तास मोजाल.

उत्साही : हे मला टाळता येणार नाही. कामं दहा नसावीत, चार असावीत, हे तुमच्या बोलण्यातून मला पटतंय. तारखा वेचणीच्या आधी आणि नंतर ठेवता येतील, आणि पुन्हा देण्याची मुभा खरी असली पाहिजे, नावाची नाही. पण एक गोष्ट तुम्ही उलट बाजूनं पाहा. वेचणीला गेलेली मुलगी वर्गाबाहेर असते असं आपण धरतो. तिला विचारायला सांगितलं की वेचणीचा दर कोण ठरवतं, तिच्या आईच्या लग्नाच्या वेळी तो काय होता, बायका टोळी करून का जातात, तर ती त्या दिवशी शेतात असूनही माझ्या विषयात असेल. हे परीक्षेला कधीच जमणार नाही, कारण परीक्षेला फक्त पुस्तकातला इतिहास कळतो. पूर्ततेच्या कामाची खरी ताकद हीच आहे की काम मुलाच्या जगण्यातून काढता येतं.

साशंक : काढता येतं, पण उतरवताही येतं. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. ‘बहात्तरच्या दुष्काळावर आजोबांची मुलाखत, ग्रामीण बोलीत, दोन पानं’ असं सांगितलं की मिनिटात हजर. आजोबाही खोटे, आसवंही खोटी, आणि तुमच्या सगळ्या अटी मात्र तंतोतंत पाळलेल्या. तुमचं स्वमूल्यमापनही तसंच येईल : ‘या प्रवासात मला माझ्या मर्यादांची जाणीव झाली’ वगैरे. कबुलीचीसुद्धा एक ठरावीक भाषा तयार होईल, आणि जो ती सफाईनं लिहील तो ए श्रेणी मागेल. खरं लिहिणारी मुलगी लिहील, ‘मला फार काही आलं नाही’, आणि बी मागेल. आपल्या घरांत मुलींना, दलित-भटक्यांच्या मुलांना स्वतःला कमी लेखायचं बाळकडूच मिळतं. दाराशी उभं राहायची सवय झालेल्याला तुम्ही आत येऊन स्वतःची किंमत सांग म्हणता. तो काय सांगणार? मग तुम्ही तिची श्रेणी वाढवणार, सफाईनं लिहिणाऱ्याची कमी करणार. म्हणजे शेवटी श्रेणी तुम्हीच दिली. मुलांनी फक्त तुमच्या मनातला आकडा ओळखायचा प्रयत्न केला.

उत्साही : म्हणून कागद पुरेसा नाही, समोरासमोर बोलणं पाहिजे. प्रत्येकाशी दहा मिनिटं. आजोबा कुठे बसले होते, कोणत्या प्रश्नाला गप्प झाले, तू पुढे काय विचारलंस? रचलेल्या मुलाखतीला या प्रश्नांची उत्तरं नसतात. आणि जी मुलगी बी मागते तिला मी विचारेन, तुझ्या या तिसऱ्या पानावर जे आहे ते वर्गात आणखी कुणाकडे आहे? तिला तिची किंमत कळणं हेसुद्धा शिक्षणच आहे. नाही का? तुम्ही मघाशी विचारलंत, ती सिस्टर कोण? ती मी. मी वाचेन, विचारेन आणि मगच सही करेन.

साशंक : आता आपण खऱ्या जागी आलो. हिशोब करा. वर्गात ऐंशी मुलं धरा, कामं चार. तीनशेवीस कागद. एकेकाला दहा मिनिटं म्हटली तर त्रेपन्न तासांच्या वर. त्यात ऐंशी मुलाखती, दहा मिनिटांच्या, म्हणजे आणखी तेरा तास. हा एका पेपरचा हिशोब झाला. तुम्ही तासिका तत्त्वावर आहात. तुम्हाला पैसे मिळतात ते वर्गात उभं राहिल्याच्या तासाचे. वाचल्याचे नाहीत, मुलाशी बोलल्याचे नाहीत. सत्र संपलं की नेमणूकही संपते, पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत. ज्या पद्धतीचा सगळा जीव वाचणाऱ्यात आहे, तिच्यात वाचणाऱ्याच्या कामालाच दाम नाही. तुम्ही हौसेनं कराल एक वर्ष, दोन वर्षं. मग तुमची जागा दुसरा घेईल, त्याच्याकडे चार कॉलेजांचे तास असतील, तो न वाचता सही करेल, आणि तुमचा प्रयोग झेरॉक्सच्या दुकानात पोचेल. उत्तरपत्रिकेला निदान परीक्षकाचं मानधन असतं, मॉडरेशन असतं, पुनर्मूल्यांकन मागता येतं. तुमच्या सहीविरुद्ध मुलानं दाद कुठे मागायची?

उत्साही : हा दोष पद्धतीचा की नेमणुकीचा? पगारी वाचक नाहीत म्हणून वाचायचंच नाही असं ठरवलं, तर मग परीक्षाच एकमेव मार्ग उरते आणि तीही कुणी फार मन लावून तपासत नाही हे तुम्हालाही माहीत आहे. दाद मागण्याबद्दल बोलायचं तर चर्चेची लेखी नोंद राहील, दुसरा शिक्षक काही कागद पडताळेल. पण मी तुमच्या बाजूनं एक पाऊल येतो. स्वमूल्यमापनातून श्रेणी काढून टाकू. मुलानं स्वतःबद्दल लिहावं, पण त्यावर मार्क नसावेत. पूर्ततेवर फक्त पास-नापास ठरावं, आणि गुण विद्यापीठाच्या लेखी परीक्षेवर राहावेत. परक्यासाठी परीक्षा, मुलासाठी काम. दोन कागद, दोन वाचक.

साशंक : ही तडजोड दिसायला सुंदर आहे. पण तुम्हीच विचार करा, जे लिहून मार्क मिळत नाहीत ते आपल्याकडे कोण लिहितं? आपण मुलांना पहिलीपासून शिकवलंय की ‘हे परीक्षेला आहे का?’ हाच एकमेव प्रश्न शहाणपणाचा. स्वमूल्यमापनाला मार्क ठेवले तर ते खोटं होतं, नाही ठेवले तर ते होतच नाही. माझा आक्षेप इथे संपत नाही, इथे तो तयार होतो.

उत्साही : आणि माझी आशाही इथेच तयार होते, कारण अडचण आता नेमकी कळली. आपण इतका वेळ मोजायचं कशानं यावर भांडत होतो. प्रश्न कुणासमोर मोजायचं हा आहे. मूल मार्कांशिवाय लिहीत नाही हे खरं, पण वाचणारा आहे अशी खात्री झाली तरीही लिहिणार नाही, हे आपण कधी तपासलेलंच नाही. कारण तशी खात्री आपण त्याला कधी दिलीच नाही.

साशंक : मान्य, तपासलेलं नाही. पण ती खात्री तुम्ही एकट्यानं दिली तर ती तुमची मेहेरबानी ठरते, आणि मेहेरबानीवर चालणाऱ्या पद्धतीत दुबळ्या मुलाचं नुकसान आधी होतं. कॉलेज देणार असेल, म्हणजे वाचण्याचे तास वेळापत्रकात आणि पगारात धरणार असेल, तर मी तुमच्या पूर्ततेच्या बाजूनं मत देईन. श्रेणीच्या बाजूनं तरीही देणार नाही.

उत्साही : आणि कॉलेज देणार नसेल?

साशंक : तर बंद पाकिटातली उत्तरपत्रिका राहू द्या. तिच्यात शिकणं कमी असेल, पण तिच्यात कुणाची मर्जी सांभाळावी लागत नाही.

उत्साही : मर्जी नको म्हणून ओळखही नको, ही किंमत मला फार वाटते. कॉलेज तास देईपर्यंत थांबायचं ठरवलं तर या वर्षीच्या मुलांचं काय, याचं उत्तर तुमच्याकडे नाही. आणि मी नसताना पुढच्या वर्षीच्या मुलांचं काय, याचं माझ्याकडे नाही.